लघवी गळतेय आणि ऑपरेशन सुचवलंय? होकार देण्याआधीच्या पायऱ्या

खोकताना, शिंकताना, पाण्याची बादली उचलताना किंवा संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत लघवी निसटते, आणि कुणीतरी तुम्हाला "ऑपरेशन करून टाका" असं सांगितलंय. ते खरंच लागणार आहे का, हे कसं ठरवायचं त्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः यातून गेले आहे आणि माझं ऑपरेशन झालं. माझ्या थोरल्या बहिणीलाही तेच सुचवलं होतं, पण नीट तपासणी झाल्यावर तिला ते लागलंच नाही. दोघींची तक्रार एकच, "लघवी थांबत नाही". आतलं कारण मात्र वेगळं होतं. बहुतेकींचा गोंधळ इथेच होतो.

मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा आहे. पण त्यांच्यासमोर जाताना हातात काय असावं आणि काय विचारावं, ते मी सांगू शकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. खोकल्या-शिंकेबरोबरची गळती हा जिवावरचा आजार नाही. ऑपरेशन आज केलं काय आणि सहा महिन्यांनी केलं काय, तेवढ्यात काही हाताबाहेर जात नाही. "थांबलात तर कॅन्सर होईल" असं सांगून कुणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घाई करायची ती पुढच्या पायरीतल्या खुणा दिसल्या तरच.

१. आधी धोक्याच्या खुणा तपासा

यातलं काहीही असेल तर पुढे सांगितलेले व्यायाम आणि वही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा:

- लघवीतून रक्त जातंय, मग ते एकदाच का दिसलं असेना.
- लघवी अडकली आहे, ओटीपोट फुगून दुखतंय.
- अचानक गळती सुरू झाली आणि सोबत पायात अशक्तपणा, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, संडासवरचाही ताबा गेला. ही मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.
- बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या, गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत पाणी वाहतंय. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलं असेल तर असं होतं. त्याला फिस्टुला म्हणतात.
- ताप, लघवीची जळजळ, पाठीत दुखणं.

फिस्टुला असेल तर व्यायामाने काही साधत नाही. छिद्र अगदी लहान आणि ताजं असेल तर कॅथेटर (लघवी काढायची नळी) ठेवून कधी कधी भरून येतं, नाहीतर ऑपरेशन हाच उपाय. तिथे "खरंच लागेल का" हा प्रश्न फार काळ उरत नाही.

२. तुमची गळती कोणत्या जातीची आहे ते ओळखा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

*ताणाची गळती.* खोकला, शिंक, खळखळून हसणं, उडी, वजन उचलणं अशा वेळी पोटात दाब येतो आणि त्याच क्षणी थोडी लघवी निसटते. आधी लघवीची भावना झालेली नसते. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू आणि पडदे बाळंतपणं, वाढतं वय, वजन, सततचा खोकला यांनी सैल पडतात, त्याचा हा परिणाम.

*घाईची गळती.* अचानक जोराची लघवी लागते आणि थोपवता येत नाही. नळ सोडल्याचा आवाज ऐकला, घराच्या दाराशी येऊन कुलपात किल्ली घातली की कळ येते. दिवसातून खूप वेळा जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं. इथे आधार सैल नसतो, मूत्राशयाचा स्नायूच नको तेव्हा आवळतो.

*मिश्र गळती.* दोन्ही थोडं थोडं. पन्नाशीनंतर हे बरंच आढळतं. यात कोणती बाजू जास्त छळते ते शोधायचं.

*भरून सांडणारी गळती.* मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आत साठलेलं थेंबथेंब येत राहतं. जुना मधुमेह, मणक्याचे आजार आणि पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ही त्याची नेहमीची कारणं.

आता मुद्दा. ज्या ऑपरेशनबद्दल तुम्ही ऐकलं असेल, मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायचं, म्हणजे स्लिंगचं, ते ताणाच्या गळतीसाठी आहे. घाईच्या गळतीवर तो इलाज नाही, काही जणींची घाई त्याने वाढूही शकते. भरून सांडणाऱ्या गळतीत तर पट्टी बसवून लघवी आणखी अडेल. म्हणून जात ठरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. कितीही नावाजलेले डॉक्टर असोत, "माझी गळती कोणत्या प्रकारची आहे आणि ते कशावरून ठरवलंत?" एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

३. तीन दिवसांची वही लिहा

साधी शाळेची वही पुरते. सोबत एक मापाचा प्लास्टिकचा मग घ्या, त्यावर मिलिलिटरच्या खुणा हव्यात. लागोपाठ तीन दिवस, त्यात एक दिवस कामाचा आणि एक घरचा असेल तर उत्तम, हे लिहायचं:

- किती वाजता काय प्यायलात आणि किती. चहा, कॉफी, ताक, सरबत, सगळं.
- किती वाजता लघवीला गेलात आणि मापात किती झाली.
- गळती कधी झाली, थोडी की कपडे भिजण्याइतकी, आणि त्या वेळी काय करत होतात.
- रात्री किती वेळा उठलात, पॅड किती बदलले.

"त्या वेळी काय करत होतात" हा रकाना सर्वांत बोलका. ताईच्या वहीत खोकला-शिंकेसमोर खूणच नव्हती. सगळ्या खुणा "नळ", "बाहेरून आले", "झोपेतून उठले" याच्या समोर होत्या. चहा मोजायची वेळ आली तेव्हा तो तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाला. डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि बोलण्याची दिशाच बदलली.

दिवसभरात एकूण लघवी तीन लिटरच्या आसपास किंवा वर जात असेल तर आधी रक्तातली साखर बघा आणि पाणी किती पिताय ते बघा. याच्या उलट, एसटीचा प्रवास, लग्नकार्य, शाळा-ऑफिसातले अस्वच्छ संडास यामुळे आपल्या कित्येक बायका पाणीच पीत नाहीत. त्याने गळती थांबत नाही. लघवी घट्ट होऊन मूत्राशय चिडतं, वर मलावरोध होतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पेय पोटात जायला हवं, शेतात उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. कपात करायची ती चहा-कॉफीत आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत.

४. योग्य डॉक्टर आणि नेमक्या तपासण्या

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा युरॉलॉजिस्टकडे करा. मोठ्या शहरांत दोन्हींचं मिळून शिक्षण घेतलेले युरोगायनॅकॉलॉजिस्टही भेटतात. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही, म्हणजे मुंबईतलं केईएम किंवा पुण्यातलं ससून अशा ठिकाणी, ही तपासणी होते. ओपीडीत वेळ जातो एवढंच.

बहुतेकींना लागणाऱ्या तपासण्या फार नाहीत:

- लघवीची रूटीन तपासणी, गरज पडली तर कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायची चाचणी. संसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा. नुसत्या संसर्गानेही गळती होते.
- रक्तातली साखर.
- लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी, आत किती उरली ते पाहायला. दर वेळी १०० मिलिलिटरच्या वर राहत असेल तर पुढे खोलात जावं लागतं.
- आतून तपासणी. अंग बाहेर येतंय का (गर्भाशय किंवा योनीमार्गाची भिंत खाली सरकतेय का), ओटीपोटाच्या तळाचे स्नायू किती जोराने आवळता येतात, हे यात कळतं.
- खोकल्याची चाचणी. मूत्राशय भरलेलं असताना डॉक्टर खोकायला सांगतात आणि लघवी निसटते का ते डोळ्यांनी बघतात. म्हणून तपासणीला जाताना लघवी करून जाऊ नका. लाजेपोटी बहुतेक जणी नेमकं तेच करून जातात आणि मग काही दिसत नाही.

युरोडायनॅमिक्स ही चाचणी वेगळी. बारीक नळीने मूत्राशयात सलाईन भरतात, दुसरी नळी गुदद्वारात असते, आणि भरताना-खोकताना आतला दाब मोजतात. अर्धा-पाऊण तास लागतो, संकोच वाटतो, नंतर दिवसभर थोडी जळजळ होऊ शकते. ती सरसकट सगळ्यांना लागत नाही. निव्वळ ताणाची गळती असेल, खोकल्यावर डॉक्टरांना ती दिसली असेल आणि मूत्राशय नीट रिकामं होत असेल, तर या चाचणीमुळे ऑपरेशनच्या निकालात फरक पडत नाही, असं अमेरिकेतल्या २०१२ च्या अभ्यासात आढळलं. पण मिश्र गळती, आधी झालेलं ऑपरेशन, लघवी सुरू व्हायला त्रास किंवा नसांचा आजार असेल तर ही चाचणी करून घेतलेली बरी.

५. दुरुस्त होण्यासारखी कारणं आधी दुरुस्त करा

रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांनी काहींना सतत कोरडा खोकला येतो, आणि खोकल्याबरोबर गळती. प्राझोसिन, डॉक्साझोसिन या गोळ्या मूत्रमार्गाचं तोंड सैल करतात. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या की रात्रभर धावपळ. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही लघवी वाढते. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पण "ही बदलता येईल का, वेळ बदलता येईल का?" हे जरूर विचारा. एका गोळीच्या बदलाने निम्मा त्रास जातो, अशीही उदाहरणं असतात.

मलावरोध, तंबाखू-मिस्री, जुना दमा-खोकला यांकडेही बघा. आणि वजन. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त वजनाच्या बायकांनी सहा महिन्यांत साधारण ८ टक्के वजन उतरवलं आणि आठवड्याची गळती जवळपास निम्म्यावर आली. ८० किलोच्या बाईसाठी हे साडेसहा किलोच्या आसपास होतं. सोपं नाही, पण ऑपरेशन झालं तरी त्याचा उपयोग होतोच.

पाळी गेल्यानंतर योनीमार्ग कोरडा पडतो, घाई आणि जळजळ वाढते. त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर देऊ शकतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगा.

६. तीन महिने व्यायाम, पण शिकून

आर्नल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडलेले हे व्यायाम आजही ताणाच्या गळतीवरचा पहिला इलाज आहेत. "केगेल करून बघितले, काही झालं नाही" असं ज्या सांगतात, त्यातल्या कित्येक जणी चुकीचा स्नायू आवळत असतात किंवा वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देत असतात. खाली जोर दिला तर गळती वाढेल.

पद्धत अशी: आधी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून. गॅस आणि लघवी एकाच वेळी रोखतोय असं मनात आणून आतला स्नायू वर, शरीराच्या आत ओढायचा. पोट, मांड्या, नितंब सैल. श्वास चालू. जितके सेकंद धरता येईल तितकं धरा, हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत न्या, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी काही झटपट आवळी. जमायला लागलं की बसून, मग उभ्याने. चालू लघवी मध्येच अडवून सराव करत राहू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटताक्षणी आधी आवळा, मग खोका. वजन उचलतानाही तसंच. काही जणींना एवढ्यावरच महिन्याभरात फरक दिसतो.

ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे निदान सुरुवातीला आणि मध्ये एकदा जा. आतून बोटाने तपासून त्या योग्य स्नायू आवळला जातोय का ते सांगतात. त्यांचा कागद जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

घाईच्या गळतीसाठी आणखी एक शिस्त लागते. कळ आली की लगेच धावायचं नाही. जागेवर थांबायचं, आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं, कळ ओसरली की चालत जायचं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, मग दोन वेळांमधलं अंतर अडीच-तीन तासांपर्यंत. किमान सहा आठवडे. त्याच्या जोडीला सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, मिराबेग्रॉन अशा गोळ्या डॉक्टर देतात. पहिल्या दोन्हींनी तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, आणि वयस्कर माणसांत विसराळूपणा वाढू शकतो. सासूबाईंना देत असाल तर हे लक्षात ठेवा. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन चालू असताना रक्तदाब मोजत राहायचा.

ताईचं या पायरीवर भागलं. घाईच्या गळतीत गोळ्यांनीही भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं किंवा नसांना विजेची सौम्य चेतना हे पुढचे मार्ग आहेत. बोटॉक्सचा परिणाम काही महिन्यांनी उतरतो, आणि काही जणींना तात्पुरतं स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. ती तयारी आधीच विचारून घ्या.

७. आता प्रश्न: ऑपरेशन आवश्यक आहे का?

इथवर आल्यावर स्वतःला आणि डॉक्टरांना हे विचारा:

- ताणाची गळती आहे हे तपासणीत दिसलं आहे का? नुसत्या माझ्या सांगण्यावर तर चाललेलं नाही ना?
- तीन महिने व्यायाम नीट झाले, आणि कुणी जाणत्याने ते तपासले?
- संसर्ग, साखर, खोकला, गोळ्या, मलावरोध यांचा बंदोबस्त झाला?
- मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय?
- आणि तरीही, या गळतीमुळे मला हवं ते आयुष्य जगता येत नाही का?

पहिल्या चारांची उत्तरं डॉक्टर देतील. शेवटचं उत्तर फक्त तुमचं. तेवढीच गळती असलेली एखादी बाई दिवसाला एक पातळ पॅड वापरून निर्धास्त असते, तिला ऑपरेशनची गरज नाही. मला मात्र दिवसभर वर्गात उभं राहून शिकवायचं असायचं. सर्दी झाली की रजा घ्यावी लागे, सहलीला मुलांबरोबर जाणं मी बंद केलं होतं. व्यायामाने फरक पडला, पण पुरेसा नाही. म्हणून मी होकार दिला, आणि तो माझ्यासाठी योग्य ठरला. नवरा, सासू, मुलगी यांनी साथ द्यावी. "एवढ्याशा गोष्टीसाठी ऑपरेशन कशाला" किंवा "करूनच टाक" हे ठरवणं त्यांचं काम नाही.

थांबायचं केव्हा? अजून मूल हवं असेल तर बहुतेक डॉक्टर बाळंतपणं आटोपेपर्यंत थांबायला सांगतात. नुकतंच बाळंतपण झालं असेल तर कित्येकींची गळती पहिल्या काही महिन्यांत व्यायामाने आपोआप कमी होते. साखर ताब्यात नसेल, संसर्ग असेल, घाईची बाजू जास्त असेल तरी थांबा.

आणि एक सापळा, याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. "लघवी गळते ना, मग पिशवी काढून टाका" असा सल्ला अजूनही दिला जातो. गर्भाशय काढणं हा लघवीच्या गळतीवरचा इलाज नाही. उलट, गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे गळतीचं ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, असं स्वीडनमधल्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कशी काढली गेली, हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ते विसरू नका. अंग बाहेर येत असेल, मोठ्या गाठी असतील तर गर्भाशयाचा विचार वेगळा होईल, पण त्याचं कारण कागदावर स्वतंत्र लिहून मागा. अंग बाहेर येत असेल तरी आत बसवायची रिंग हा एक पर्याय असतो, तो विचारा.

"लेझरने टाइट करून देतो" अशा जाहिरातींनाही बळी पडू नका. योनीमार्गातल्या अशा उपकरणांच्या प्रचाराबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये इशारा दिला होता.

८. कोणतं ऑपरेशन, आणि जाळीचा प्रश्न

सर्वांत जास्त केलं जातं ते सिंथेटिक पट्टीची स्लिंग बसवण्याचं. ही पट्टी बारीक जाळीची असते, म्हणून तिला जाळीही म्हणतात. पट्टी ओटीपोटाच्या हाडामागून वर नेली तर टीव्हीटी, मांडीच्या सांध्याकडून काढली तर टीओटी. पहिल्यात मूत्राशयाला टोचण्याचा धोका थोडा जास्त, दुसऱ्यात जांघेत दुखण्याचा. साधारण अर्धा-पाऊण तासाचं काम, बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात. दहापैकी साधारण आठ जणींना पहिल्या वर्षात चांगला गुण येतो.

पट्टी नको असेल तर पोटाच्या किंवा मांडीच्या स्वतःच्याच मजबूत पडद्याची स्लिंग करतात, किंवा मूत्राशयाच्या मानेजवळ टाके घेऊन आधार देणारं बर्चचं ऑपरेशन. दोन्ही मोठी, बरं व्हायला जास्त दिवस. मूत्रमार्गाच्या भिंतीत इंजेक्शन देऊन ती जाड करण्याचा मार्ग सौम्य आहे, गुण कमी येतो आणि पुन्हा करावं लागू शकतं.

इंग्लंडमध्ये राहणारे नातेवाईक सांगतील की तिकडे ही जाळी थांबवली आहे. ते खरं आहे. जुलै २०१८ पासून तिथे लघवीच्या गळतीसाठी जाळीचा वापर स्थगित केला गेला, कारण अनेक बायकांना जाळी आत उघडी पडणं, कायमचं दुखणं असे त्रास झाले. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये एफडीएने बाहेर येणाऱ्या अंगासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवली, गळतीच्या पट्टीची नाही. भारतात ही पट्टी वापरात आहे. म्हणून घाबरून जायचं नाही, पण हे प्रश्न विचारायचे: "वर्षाला तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता? पट्टी उघडी पडली किंवा लघवी अडली तर काय कराल? ती पूर्ण काढता येते का?" पूर्ण काढणं अवघड असतं, हे आधी माहीत असलेलं बरं. आणि पट्टीच्या खोक्यावरचं स्टिकर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

९. मेडिक्लेम: "आवश्यक" हा शब्द कागदावर कसा ठरतो

विमा कंपन्यांच्या पॉलिसीत "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार" याची व्याख्या आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेली आहे. तिचे चार भाग: उपचार त्या आजारासाठी गरजेचा हवा, सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला लागतं त्याहून जास्त काही नको, डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा, आणि वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून हवा. तुमची फाइल या चारही प्रश्नांना उत्तर देते का ते बघा. नुसतं "लघवीची तक्रार, ऑपरेशनचा सल्ला" असं पत्र असेल तर टीपीएकडून (कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून) शंका येणारच. पत्रात हे असावं: गळतीचा प्रकार, तपासणीत काय दिसलं, किती महिने व्यायाम-औषधं केली, त्याने का भागलं नाही, आणि ऑपरेशनचं नेमकं नाव. अंदाजपत्रकात "टाइटनिंग" सारखा शब्द असेल तर तो सौंदर्योपचार समजला जाऊ शकतो. काय केलं जाणार आहे तेच शब्द असू द्या.

पॉलिसीत ठरावीक आजारांचा आणि आधीपासून असलेल्या आजारांचा प्रतीक्षा काळ वाचा. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. केसपेपरवर "त्रास किती वर्षांपासून" हे लिहिलेलं असतं आणि कंपनी तिथेच बघते. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका. खरी तारीख नीट आठवून एकदाच सांगा, म्हणजे तीन कागदांवर तीन आकडे येत नाहीत.

ऑपरेशन ठरवून करायचं असल्याने कॅशलेसचा अर्ज काही दिवस आधीच द्या. अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असं आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. नकार आला तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसलेल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

१०. फाइलमध्ये काय काय असावं

- तीन दिवसांची वही, मूळ पानं
- पहिल्या भेटीपासूनचे सगळे केसपेपर आणि प्रिस्क्रिप्शन, तारखेच्या क्रमाने
- लघवी, साखर, सोनोग्राफीचे रिपोर्ट. झालं असेल तर युरोडायनॅमिक्सचा आलेख
- फिजिओथेरपिस्टचा कागद
- चालू गोळ्यांची यादी, अॅलर्जी असेल तर ती ठळक अक्षरात
- आधीच्या ऑपरेशनांची डिस्चार्ज कार्डं, सिझेरियनचीही
- ऑपरेशनच्या सल्ल्याचं पत्र आणि अंदाजपत्रक
- पॉलिसी, आधार, पॅन, रेशनकार्ड

सगळ्याच्या झेरॉक्स काढून मूळ कागद घरी ठेवा.

११. पुरुषांसाठी थोडं

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर गळती होते, ती बहुतेकांची पुढच्या वर्षभरात कमी होत जाते. म्हणून डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्षभर व्यायाम करून थांबायला सांगतात. तरीही जास्त गळत असेल तर पुरुषांसाठीची स्लिंग किंवा कृत्रिम झडप हे पर्याय आहेत. झडप महाग आहे आणि ती हाताने दाबून चालवावी लागते, म्हणून बोटांची हालचाल नीट हवी.

१२. ऑपरेशन ठरलं तर

संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्या आणि मराठीत समजावून घ्या. त्यावर ठरलेल्या ऑपरेशनशिवाय आणखी काही लिहिलेलं असेल, तर त्याचं कारण कळेपर्यंत सही करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा.

कॅथेटर काढल्यावर लघवी स्वतःहून झाली का आणि आत किती उरली, हे मोजल्याशिवाय घरी जाऊ नका. धार बारीक झाली, जोर करावा लागतोय असं वाटलं तर तिथेच सांगा. पट्टी घट्ट बसली असेल तर ती लवकर सैल करणं सोपं असतं.

सहा आठवडे जड वजन नाही, पाण्याचा हंडा नाही, गव्हाची पोती नाही, शरीरसंबंध नाही. घरात हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी तुम्हीच ओट्यापाशी उभ्या असाल. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, रक्त, जांघेत वाढत जाणारं दुखणं किंवा लघवी अडणं यापैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि नंतर कधीही, अगदी काही वर्षांनीही, आत टोचल्यासारखं वाटलं, शरीरसंबंधाच्या वेळी नवऱ्याला काही खुपलं, तर त्याच स्टिकरसह डिस्चार्ज कार्ड घेऊन तपासायला जा.